मूळपुरुषाच्याही मागे

आमच्या भागात हेळवी येतात. सगळ्याच वाचकांना हा शब्द ठाऊक असेल असे नाही, म्हणून सांगतो. कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगाव या पट्ट्यात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही मंडळी. सुगी झाली की पूर्वी बैलावरून यायची, आता मोटारसायकलवरून येतात. दारात उभे राहून तुमच्या पणज्याचे, खापरपणज्याचे नाव घडाघडा म्हणतात, नव्याने जन्मलेल्या मुलांची नोंद करून घेतात आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. आमच्या हेळव्याच्या बाडात घराण्याच्या चौदा पिढ्या आहेत. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर साडेतीनशे वर्षे झाली, म्हणजे शिवकाळापर्यंत आपण पोचतो. त्याच्या मागे हेळवीही जात नाही. तिथे एक मूळपुरुष बसवलेला असतो, तो कुठून तरी आलेला असतो आणि त्याच्या मागे एकदम सोमवंश नाहीतर सूर्यवंश सुरू होतो. मधले काहीच नाही. शाळेत छत्तीस वर्षे इतिहास शिकवला, पण एवढी लांब उडी एकाही पाठ्यपुस्तकाने मारलेली पाहिली नाही.

ही मधली जागा भरून निघेल असे कधी वाटले नव्हते. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने हौसेने थुंकीची तपासणी करून घेतली. तिकडे हे फार चालते. नळीत थुंकायचे, पाकीट पोस्टात टाकायचे, दीड-दोन महिन्यांनी अहवाल येतो. त्याच्या अहवालात बापाकडच्या वंशाच्या रकान्यात लिहून आले, 'सी-एम३५६'. खाली टीप होती की हा गट दुर्मिळ आहे, भारतात शंभर पुरुषांत जेमतेम एक-दोघांत सापडतो आणि त्याची पाळेमुळे जुन्या अश्मयुगातल्या शिकारी टोळ्यांत आहेत.

पुतण्याने तो कागद भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि मग जे व्हायचे ते झाले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचे घाटत आहे. एका चुलतभावाने लगेच लिहिले, "हे वृत्तांतात नको." दुसऱ्याने विचारले, "म्हणजे आपण आदिवासी निघालो काय?" तिसरा म्हणाला, "दुर्मिळ म्हणजे राजघराणे असणार." पोरांनी दगडी कुऱ्हाड घेतलेल्या माणसाची चित्रे टाकली. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, की तात्या मास्तर आहेत, त्यांनी काय ते सांगावे. म्हणून दोन महिने पुस्तके आणि इंटरनेट धुंडाळून जे समजले ते इथे लिहितो. मी मराठी माध्यमातला बी. ए., विज्ञानाचा माणूस नव्हे. त्यामुळे मला जसे कळले तसेच सांगणार.

पहिली गोष्ट, पुतण्याची तपासणी ही माझीही तपासणी कशी काय? पुरुषाच्या पेशीत वाय नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाला मिळते, मुलीला मिळत नाही. बाकीच्या गुणसूत्रांची आई-बापांत सरमिसळ होते, पण वाय जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते. माझ्या वडिलांचे वाय मला आणि भावाला मिळाले, भावाचे त्याच्या मुलाला. चौदा पिढ्यांपूर्वीच्या मूळपुरुषाचेही तेच, अर्थात हेळव्याचे बाड खरे असेल आणि मध्ये कुठे दत्तकविधान झाले नसेल तर. (दत्तक दोन ठिकाणी आहे, दोन्ही वेळा भावकीतलाच मुलगा घेतला होता, त्यामुळे रेषा सुटली नाही.)

आता वय कसे काढतात? वाय गुणसूत्र म्हणजे सुमारे सहा कोटी अक्षरांची पोथी समजा. दर पिढीला तिची नक्कल होते आणि नकलताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत तशीच उतरते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ पासून १९६६ पर्यंत ते काम चालले होते. देशभरातून हस्तलिखिते गोळा करून त्यांनी हेच पाहिले. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक असेल तर दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या. काश्मिरी पोथ्यांचे कुळ वेगळे, दक्षिणेकडच्यांचे वेगळे. शास्त्रज्ञ वाय गुणसूत्रावर हेच करतात. फरक एवढाच, की इथला लेखनिक साधारण ठरावीक गतीने चुका करतो, त्यामुळे चुका मोजून काळाचा अंदाज बांधता येतो.

या चुकांना त्यांनी नंबर दिले आहेत. 'एम१३०' ही त्यातली एक चूक. ज्याच्या गुणसूत्रात ती आहे तो सी गटाचा. त्यातच पुढे 'एम३५६' ही चूक झालेली असेल तर तो आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या शाखेचा. आधी या शाखेला 'सी५' म्हणत, मग झाडाची फेरमांडणी झाली आणि तिचे नाव 'सी१बी१ए१' झाले. गावाकडच्या माणसाला हे समजायला मुळीच अवघड नाही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, वाटण्या होत गेल्या की पोटहिस्से पडतात, एकचे एक, मग एकचे एक अ, मग त्याचेही दोन. अक्षरांची शेपटी जितकी लांब तितक्या वाटण्या झाल्या एवढाच त्याचा अर्थ.

आता भावकी बघू. आफ्रिकेतून माणसांच्या टोळ्या साधारण साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी बाहेर पडल्या. आज आफ्रिकेबाहेर जगात जेवढे पुरुष आहेत ते जवळजवळ सगळे त्यातल्या मोजक्या बापांचे वंशज. त्यातल्या एकाचे दोन मुलगे धरा, सी आणि एफ. एफचा वंश अफाट वाढला. आज महाराष्ट्रात ज्या बापवंशांची गर्दी आहे, एच, आर, एल, जे, ते सगळे एफच्या पोटातले. देशस्थ असो, मराठा असो, धनगर असो की महार, बहुतेकांची रेषा शेवटी एफपाशी जाते. सी हा दुसरा भाऊ. त्याची मुले लांबलांब पांगली. एक शाखा मध्य आशियात गेली. चंगीझखानाच्या वंशाची म्हणून २००३ साली जी वर्तमानपत्रांत गाजली ती हीच, सी२. एक जपानात गेली, एक न्यू गिनी आणि पुढे पॉलिनेशियाच्या बेटांवर, एक ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत. आणि एक आपल्याकडे राहिली. आमच्या वारणा खोऱ्यातल्या घराचे बापाकडचे जवळचे भाऊबंद शेजारच्या मळ्यात नसून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आहेत हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

शास्त्रज्ञांना अलीकडे जुन्या हाडांतूनही डीएनए काढता येतो. त्यातून दोन माणसे अशी सापडली की त्यांच्याबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. रशियात डॉन नदीच्या काठी कोस्तेंकी म्हणून गाव आहे. तिथे १९५४ साली एका तरुणाचा सांगाडा मिळाला. त्याला पुरताना गेरू टाकलेला होता. काळ साधारण सदतीस-अडतीस हजार वर्षांपूर्वीचा. २०१४ साली त्याचा डीएनए वाचला गेला आणि वाय निघाले सी गटाचे, पुढच्या तपासात सी१बी. म्हणजे आपल्या आणि ऑस्ट्रेलियन शाखांचे ज्या फांदीतून फुटवे आले त्याच फांदीवरचा हा माणूस. तो इथून तिकडे गेला असे नाही, आपण तिकडून आलो असेही नाही. दोघांचा बाप त्याच्याही आधी कुठेतरी होता. दुसरा माणूस स्पेनमधला. तिथल्या लेओन प्रांतात ला ब्रान्या नावाच्या गुहेत २००६ साली दोन सांगाडे मिळाले, सात हजार वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकाचा डीएनए २०१४ सालीच प्रसिद्ध झाला. कातडी काळीसावळी, डोळे निळे, वाय सी१ए२. युरोपात त्या काळातल्या शिकाऱ्यांत सी अधूनमधून सापडतो, आजच्या युरोपियनांत मात्र तो जवळजवळ संपला आहे. शेतकरी आले, नंतर गवताळ प्रदेशातले पशुपालक आले आणि जुन्या शिकाऱ्यांच्या बापरेषा बुजल्या.

आपल्याकडे बुजल्या नाहीत, निदान सगळ्या नाहीत. मदुराई कामराज विद्यापीठातले प्राध्यापक आर. एम. पिच्चप्पन यांनी तमिळनाडूतल्या लोकांचे नमुने घेतले. त्यात मदुराईजवळच्या जोतिमाणिक्कम गावातल्या एका तरुणात एम१३० सापडला. स्पेन्सर वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या माहितीपटात त्याची गोष्ट सांगितली आणि तो 'भारतातला पहिला माणूस' म्हणून गाजला. हे बिरुद मला पटत नाही. त्याचे वाय जुने म्हणून तो जुना? तो तरुण आपल्यासारखाच आजचा माणूस. त्याच्या शेजाऱ्याच्या अंगात एच गट असेल तर तोही त्याच काळापासून चालत आलेला, फक्त दुसऱ्या भावाकडून. याबद्दल पुढे बोलतो. २००६ साली भारतातल्या बऱ्याच जातिजमातींच्या वाय गुणसूत्रांचा मोठा अभ्यास निघाला, तेव्हा सी५ हा वेगळा भारतीय गट म्हणून नीट ओळखला गेला. तो कुठल्या एका जातीत किंवा एका जमातीत साठलेला नाही. दक्षिणेत थोडा, उत्तरेत थोडा, उच्च म्हणवणाऱ्यांत थोडा, रानातल्यांत थोडा. गारगोटीचे खडे जसे सगळ्या ओढ्यांत एखाददुसरे सापडतात तसा.

गारगोटी म्हटले आणि आठवले. आमच्या मुलुखातल्या काळ्या दगडात पोकळ्या असतात. त्यात गारगोटी, अकीक, स्फटिक धरतात. दगड झिजला की ते ओढ्यात येतात. त्यांच्याच चिपा काढून अश्मयुगातल्या माणसाने बोटाच्या पेराएवढी पाती केली. बाणाला, भाल्याला राळेने चिकटवायची. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जात आणि खिशात ही पाती भरून आणत. त्यांचे म्हणणे असे होते की देशावरच्या कितीतरी म्हसोबा-म्हातोबांची, आसरांची, मावलायांची ठाणी जुन्या रानवाटांवर आहेत आणि तिथेच ही पाती सापडतात. सगळे पटले नाही तरी पाहायची दृष्टी मिळते. डेक्कन कॉलेजात हसमुख सांकळियांनी प्रवरेच्या काठी नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये खणून याहून कितीतरी जुनी हत्यारे दाखवली. ती मात्र आपल्यासारख्या माणसांची नसून त्याआधीच्या मानवांची होती.

आपल्या सी गटाच्या माणसांच्या काळातले महाराष्ट्रातले सगळ्यात बोलके ठिकाण म्हणजे जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातले पाटणे. तिथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. दगडी पात्यांबरोबर काय निघावे? शहामृगाच्या अंड्याची कवचे! त्यांचे मणी केलेले, एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग हे पुष्कळांना खरे वाटत नसे. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने भारतात मिळालेल्या अशा कवचांतून डीएनए काढला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. माणसांचे वंश शोधणारी हीच प्रयोगशाळा. पाटण्याला तो मणी ज्याने घासला त्याचा गट सी होता, एच होता की आता पूर्ण नामशेष झालेला तिसराच कोणी, हे मणी पाहून कळत नाही. पण खानदेशात कोणीतरी उन्हात बसून अंड्याच्या कवचाला भोक पाडत होते, एवढे नक्की.

आमच्या शिराळ्याहून पश्चिमेला गेले की चांदोलीचे जंगल, मग सह्याद्रीचा कडा, आणि खाली कोकण. तिथे रत्नागिरी जिल्ह्यात उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा गावांच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव फिरून ती शोधून नोंदवली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. कशेळीला एक हत्ती कोरलाय, एवढा मोठा की त्याच्या पोटात इतर जनावरे आणि मासे मावलेत. गेंडाही आहे. कोकणात आज गेंडा कुठला! नांगर नाही, बैल जुंपलेला नाही, पेरणी नाही. म्हणून ही शिकार करून, कंद-मासे खाऊन राहणाऱ्यांची कामे असावीत आणि जुन्यात जुनी दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा पुरातत्त्व खात्याचा अंदाज. मी गुडघ्यांचे दुखणे बाजूला ठेवून उक्षीला जाऊन आलो. जांभ्याच्या सड्यावर उन्हात उभा राहिलो तेव्हा डोक्यात एकच हिशेब चालला होता. दहा हजार वर्षे म्हणजे चारशे पिढ्या. आमचा हेळवी चौदा सांगतो.

इथे एक मोह टाळायला हवा. आमचे गाव बत्तीस शिराळा, नागपंचमीसाठी प्रसिद्ध. भावकीतल्या एका उत्साही माणसाने लगेच सुचवले, की नागपूजा ही आदिम शिकाऱ्यांची, आपला वंशही शिकाऱ्यांचा, म्हणजे आपणच मूळ नागवंशी. ऐकायला छान वाटते. पण शिराळ्याची परंपरा लोक गोरक्षनाथांशी जोडतात, त्याच गावात समर्थांनी स्थापलेला मारुती आहे, आणि या सगळ्याला हजार वर्षांच्या आतलाच इतिहास. मधल्या चाळीस हजार वर्षांवर पूल बांधायला आपल्याकडे एक वीटही नाही. नाग पकडायचे आमच्या गावातल्या लोकांचे कसब मात्र खरोखरच शिकाऱ्याचे होते. बांधावरची लीद, बिळाच्या तोंडाची माती, सरपटल्याची खूण यांवरून माणूस सांगायचा, आत आहे की नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा थांबली. २०२५ साली केंद्राने लोकशिक्षणासाठी म्हणून २१ नाग पकडायची परवानगी दिली, ती निराळी गोष्ट. पण हे कसब लहानपणापासून बापाच्या मागे फिरून शिकायचे, ते वाय गुणसूत्रातून येत नाही.

आजच्या शिकारी जमातींकडे बोट दाखवून 'हे आपले पूर्वज' म्हणणेही तितकेच चूक. कैलाशचंद्र मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तीन भटक्या समाजांचा अभ्यास केला. एकाच माळावर तिघेही शिकार करत, पण फासेपारधी फास लावून हरणे पकडत, वैदू सापळ्यात मुंगसासारखे लहान प्राणी, नंदीवाले कुत्री घेऊन डुकरे. एकमेकांच्या शिकारीला हात लावायचा नाही. बलुतेदारीसारखीच वाटणी. हे अश्मयुगाचे अवशेष नव्हेत, गावगाड्याच्या कडेने राहून त्यातच बसवलेले व्यवसाय आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कित्येक जमातींच्या कपाळावर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का मारला. वंशावरून माणूस ओळखायला गेले की सरकार काय करते त्याचा हा धडा मी दरवर्षी नववीला शिकवत असे, अभ्यासक्रमात असो वा नसो.

आता मूळ प्रश्न, हा गट दुर्मिळ का? दुर्मिळ म्हणजे श्रेष्ठ का? याचे उत्तर आमच्याच वाड्यात आहे. माझ्या आजोबांना चार भाऊ होते. एकाला सहा मुली झाल्या. एक लहानपणीच प्लेगने गेला. एक बुवा झाला. उरलेल्या दोघांची आम्ही नातवंडे. म्हणजे आजोबा धरून पाच रेषांतल्या तीन एका पिढीत संपल्या, आणि त्यात कोणाचे काही चुकले नाही. त्या सहा मुलींची नातवंडे-पतवंडे आज साठ-सत्तर आहेत, पण वाय गुणसूत्राच्या हिशेबात तो माणूस निर्वंश! इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन नावाचे धर्मोपदेशक यांनी १८७४ साली आडनावे कशी नाहीशी होतात याचे गणित मांडले, ते हेच. नुसत्या नशिबाने बहुतेक रेषा संपतात आणि थोड्या फोफावतात.

त्यात माणसाच्या कर्तृत्वाची भर पडली. २०१५ साली जगभरच्या गुणसूत्रांच्या अभ्यासातून दिसले की पाच ते सात हजार वर्षांपूर्वी, शेती स्थिरावल्यावर, बापांच्या रेषा एकाएकी फार कमी झाल्या, आईंच्या झाल्या नाहीत. २०१८ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी कारण सुचवले, की बापाच्या नात्याने बांधलेली कुळे एकमेकांशी लढली, हरलेल्या कुळातले पुरुष सगळेच मेले, बायका जिंकणाऱ्यांकडे गेल्या. भाऊबंदकी आणि बांधावरून मारामाऱ्या बघत ज्याचे आयुष्य गेले त्याला यात अविश्वास वाटण्यासारखे काही नाही. सी गटाची आमची शाखा या सगळ्यातून कुठेतरी कडेकडेने वाचली. राजघराणे असते तर दुर्मिळ राहिली नसती. चंगीझखानाची राहिली का?

राहिला "आपण आदिवासी काय" हा प्रश्न. फळ्यावर मांडतो तसे मांडतो. तुम्हाला आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांचे आठ. दहा पिढ्या मागे १०२४ जागा. वीस पिढ्या मागे दहा लाखांवर. तीस पिढ्या मागे शंभर कोटींवर, आणि तेवढी माणसे तेव्हा पृथ्वीवर नव्हतीच, म्हणजे तीच तीच माणसे फिरून फिरून आपले पूर्वज आहेत. वाय गुणसूत्र या कोट्यवधी जागांतल्या एका जागेची बातमी देते. बाकी सगळ्यांबद्दल ते गप्प. बाकीच्यांची बातमी हवी तर उरलेल्या गुणसूत्रांकडे जावे लागते. सीसीएमबीचे लालजी सिंग, थंगराज आणि हार्वर्डच्या डेव्हिड राईक यांनी २००९ साली तेच केले. त्यांना भारतातल्या बहुतेक सर्व समूहांत दोन जुन्या वारशांचे मिश्रण दिसले. उत्तरेकडचा वारसा कोणात ३९ टक्के, कोणात ७१, पण पूर्ण एकच असलेला समाज मुख्य भूमीवर मिळाला नाही. २०१३ साली त्यांनीच काढले की ही सरमिसळ साधारण चार हजार दोनशे ते एक हजार नऊशे वर्षांपूर्वी झाली, आणि मग जातीबाहेर लग्ने थांबली. दक्षिणेकडच्या वारशाच्या मुळाशी इथले जुने शिकारी आहेत. इथल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही, त्यामुळे अंदमानातल्या ओंगे लोकांशी ताडून त्यांचा अंदाज बांधतात. हरियाणातल्या राखीगढीच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा डीएनए २०१९ साली प्रसिद्ध झाला, डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामाचे प्रमुख. हडप्पा संस्कृतीतल्या त्या बाईतही त्याच शिकाऱ्यांचा अंश निघाला.

तर चुलतभावाला उत्तर असे, की तुझ्या अंगातला शिकारी सी गटातून आलेला नाही. उद्या कागदावर आर किंवा जे आले असते तरी तो तुझ्यात तेवढाच असता. ज्याला हा कागद लपवायचा आहे त्याने आपली पूर्ण कातडी लपवावी लागेल. इरावतीबाई कर्वे यांनी १९६१ च्या आपल्या 'हिंदू सोसायटी' या पुस्तकात म्हटले होते, की एका नावाखाली नांदणाऱ्या जाती एका मुळाचे तुकडे नसून निरनिराळ्या मुळांचे गट शेजारी येऊन बसलेले आहेत. पुढे मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची मोजमापे घेऊन तेच दाखवले. तेव्हा त्यांच्याजवळ डोक्याची मापे आणि रक्तगट एवढीच साधने होती. थुंकीची नळी मिळाली असती तर बाईंनी अख्खा महाराष्ट्र थुंकायला लावला असता.

कुलवृत्तांतात हे छापावे असे माझे मत मी कळवले आहे. मूळपुरुषाच्या आधी एक परिच्छेद, त्यात गट, त्याचा अंदाजे काळ आणि वरची फळ्यावरची आकडेमोड. सोमवंशाचा परिच्छेद काढा असे मी म्हटलेले नाही, दोन्ही शेजारी राहू देत, वाचणारा काय ते ठरवील. समितीत पाचपैकी तिघे तयार आहेत.

यात आक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, भलताच मुद्दा काढला. हे सगळे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझं यात काहीच नाही?" वाय मुलींना मिळत नाही. पण आईकडून येणारा एक वेगळा डीएनए असतो, तो मुलगा-मुलगी दोघांना मिळतो आणि फक्त मुलगी पुढे देते. पुतण्याने आक्काचीही तपासणी करवली. निघाला एम गट. हा भारतात सगळ्यात जास्त आढळणारा, दहातल्या सहा माणसांचा. वय काढले तर साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या त्या दुर्मिळ सीच्या तोडीस तोड जुना. आक्का हसली. म्हणाली, "बघ, आईकडनं आपण साऱ्या गावाचे, आणि बापाकडनं कुणाचेच नाही."

तेव्हापासून तिने एक काम अंगावर घेतले आहे. जुन्या कुलवृत्तांतात बायकांची नावे 'सौ.' एवढीच आहेत, फार तर सासरचे नाव. माहेर कुठले, बापाचे नाव काय, काही नाही. नव्या आवृत्तीत प्रत्येकीचे माहेर आले पाहिजे, असा तिचा हट्ट. हेळव्याच्या बाडात तीही नोंद नाही, त्यामुळे ती फोन लावून म्हाताऱ्या माणसांना विचारते आहे. आत्तापर्यंत तेवीस जणींची माहेरे मिळाली. आमच्या पणजीचे अजून मिळत नाही. बिळाशी किंवा मांगले, दोन्हींपैकी एक असावे असे आक्का म्हणते. भावकीतल्या कोणाला ठाऊक असेल तर तिला फोन करा, दुपारी दोन ते चार सोडून.